जुनं टर्बोप्रॉप घेताना भाव इंजिनांच्या उरलेल्या तासांत मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीच्या कामासाठी महिन्यातून आठ-दहा वेळा चार ते सहा माणसांना ४०० ते ९०० किलोमीटर जाऊन परत यावं लागतं. आतापर्यंत भाड्याच्या विमानानं भागवलं, आता स्वतःचं घ्यावं असं वाटतंय. समोर १९८० च्या दशकातलं एक किंग एअर बी२०० आलं आहे, म्हणजे बीचक्राफ्टचं दोन टर्बोप्रॉप (टर्बाइननं प्रॉपेलर फिरवणारी) इंजिनं असलेलं विमान. वयाच्या मानानं उड्डाण-तास कमी, रंग नवा, आतली सजावट नवी, गेली चार वर्षं हँगरमध्ये सांभाळून ठेवलेलं आणि भाव बाजारापेक्षा बराच खाली. दोन्ही इंजिनांचे अजून ५०० तास बाकी आहेत, असं विकणारा सांगतो. घ्यावं का?

आहे त्या भावात घेऊ नका. विमानाची जात तुमच्या कामाला योग्य आहे, पण तुम्ही जे गुण म्हणून मोजलेत त्यातले दोन, चार वर्षं हँगरमध्ये असणं आणि ५०० तास शिल्लक असणं, माझ्या हिशेबात खर्चाच्या रकान्यात जातात.

आधी इंजिनं. बी२०० वर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीटी६ए-४२ ही ८५० अश्वशक्तीची दोन इंजिनं असतात. दोन ओव्हरहॉलमधलं, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तींमधलं, अंतर ३,६०० तासांचं, आणि साधारण अर्ध्यावर, म्हणजे १,८०० तासांच्या आसपास, हॉट सेक्शनची (ज्वलनकक्ष आणि टर्बाइन या तापणाऱ्या भागाची) तपासणी. तुमच्या प्रवासाचा हिशेब मांडला तर महिन्याला नऊ फेऱ्या, एका फेरीचे जाऊन-येऊन पावणेतीन तास, म्हणजे वर्षाला जवळपास ३०० तास. शिल्लक ५०० तास तुम्ही पावणेदोन वर्षांत संपवाल, आणि त्यानंतर दोन्ही इंजिनं एकदमच ओव्हरहॉलला जातील. या वयाच्या विमानांत दोन इंजिनांच्या ओव्हरहॉलचा खर्च विमानाच्या किमतीच्या निम्म्यावर जाणं ही रोजची गोष्ट आहे, कधीकधी तर तो किमतीला टेकतो. म्हणून जाहिरातीतला आकडा बघितला की मी पहिल्यांदा त्यात इंजिनांच्या वापरलेल्या तासांचा खर्च मिळवतो. एका विमानाची इंजिनं ३,१०० तास चाललेली आणि दुसऱ्याची ९०० तास चाललेली असतील, तर पहिलं किती स्वस्त दिसतंय याला काही अर्थ नाही. दोन्हींचा भाव 'शून्य तासांच्या इंजिनांसह' या एकाच पातळीवर आणा आणि मग तुलना करा. बहुतेक वेळा महाग दिसणारंच स्वस्त निघतं.

इथे कुणीतरी तुम्हाला सांगेल की ३,६०० तासांची मर्यादा ही शिफारस आहे, बंधन नाही. अमेरिकेत खासगी वापराच्या नियमांखाली हे खरं आहे, तिथे 'ऑन कंडिशन' म्हणून, म्हणजे स्थिती ठीक आहे तोवर, इंजिनं पुढे चालवली जातात. मान्यताप्राप्त तपासणी-कार्यक्रमाखाली पीटी६ इंजिनं त्याहून कितीतरी पुढे नेण्याची सोयही आहे. पण विमान भाड्यानं द्यायचं असेल किंवा दुसऱ्या देशात नोंदवायचं असेल, तर तिथला नियामक हे मान्य करतो का ते आधी लेखी घ्या. शिवाय उद्या तुम्ही विकायला जाल तेव्हा घेणाराही हाच हिशेब मांडेल.

तासांइतकंच सायकलींचं गणित महत्त्वाचं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही. इंजिनाच्या आतल्या कॉम्प्रेसर आणि टर्बाइनच्या चकत्यांचं आयुष्य तासांत नाही, सुरू-बंद होण्याच्या सायकलींत ठरतं. वीस-वीस मिनिटांच्या उड्डाणांत वापरलेल्या विमानाचे तास कमी असतात, पण चकत्या संपत आलेल्या असतात. मग ओव्हरहॉलच्या वेळी कळतं की चकत्याही बदलायच्या आहेत, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारखान्याचा अंदाजपत्रकातला आकडा एका रात्रीत फुगतो. प्रत्येक चकतीचा अनुक्रमांक, किती सायकली झाल्या आणि कुठपासून मोजल्या, याचा सलग कागद मागा. मधला एक दुवा तुटला तर ती चकती वापरण्याजोगी आहे हे सिद्ध करता येत नाही, मग ती प्रत्यक्षात कितीही ठणठणीत असो.

आता चार वर्षं उभं असल्याबद्दल. उभं राहिल्यानं तासांचं घड्याळ थांबतं, कॅलेंडर थांबत नाही. बी२०० च्या देखभालीचे चार 'फेज' असतात, दर २०० तासांनी एक, आणि पूर्ण चक्र २४ महिन्यांच्या आत पुरं करावं लागतं. चार वर्षांत ते दोनदा उलटून गेलं. लँडिंग गिअरचा ओव्हरहॉल ६ वर्षं किंवा ८,००० सायकली, जे आधी येईल ते. प्रॉपेलरलाही वर्षांची मुदत असते, पंख मध्यभागाला जोडणाऱ्या बोल्टांची तपासणी आणि बदलीही वर्षांवरच चालते. कागदांवर या चारही तारखा शोधा. या वयाच्या, उभ्या राहिलेल्या विमानात त्यातल्या निदान दोन तरी संपलेल्या किंवा संपत आलेल्या असतात असा माझा अनुभव आहे.

शिवाय वापर नसला की वस्तू स्वतःहून बिघडतात. पंखांतल्या इंधनाच्या रबरी टाक्या कोरड्या पडून कडक होतात आणि भरल्यावर सांध्यातून पाझरतात. उरलेल्या इंधनात पाणी साठून त्यावर बुरशीसारखी वाढ होते, ती फिल्टर चोंदवते. सील आखडतात, बेअरिंगवर गंजाचे ठिपके येतात. इंजिनं लांबच्या मुक्कामासाठी रीतसर जतन करून ठेवली होती का, याची नोंद लॉगबुकात असली पाहिजे. 'अधूनमधून सुरू करत होतो' हे उत्तर तर मला सगळ्यात नको असतं. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनातलं तेल ओलावा उडून जाईल इतका वेळ तापत नाही, वर सुरू-बंद होण्याचा ताण मात्र पडतो. हँगर समुद्राकाठी असेल तर चिंता दुप्पट. खाऱ्या हवेनं टर्बाइनच्या पात्यांवर सल्फिडेशन होतं, म्हणजे धातूचा पृष्ठभाग आतून फुगतो आणि पापुद्रे सुटतात.

ते दिसतं कसं? बोरोस्कोपनं, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेल्या बारीक नळीनं. पीटी६ मध्ये इंधनाच्या नोझलच्या छिद्रातून नळी आत घालतात. पडद्यावर पहिल्यांदा ज्वलनकक्षाची भिंत येते, मग पात्यांपुढची स्थिर वेनची (वायूला दिशा देणाऱ्या पट्ट्यांची) रांग, मग हळूहळू फिरवत आणलेलं एकेक पातं. पात्याच्या पुढच्या कडेचा रंग समान हवा. एखाद्याच जागी काळसर-पांढरा पट्टा दिसला तर त्या बाजूचं नोझल नीट फवारत नाही असा संशय धरायचा. वेनच्या मागच्या कडेला बारीक तडे असतात, त्यातले काही मर्यादेत चालतात. पात्याच्या टोकाला झीज किती आणि कडेला पुटकुळ्यांसारखा खडबडीतपणा आहे का, हे बघताना पाहणी करणारा माणूस घाईत नसावा. मी घेणाऱ्याला त्या वेळी शेजारी उभं राहायला सांगतो. कळलं नाही तरी चालेल, पण चित्रीकरण आपल्याकडे राहतं. मूळ रचनेमुळे पीटी६ चा पुढचा अर्धा भाग इंजिन पंखावर असतानाच उतरवता येतो, त्यामुळे शंका आली तर आत बघणं अशक्य नाही. विकणाऱ्यानं नकार दिला, तर तोच निकाल समजा.

लॉगबुकांवर एक अख्खा दिवस घालवा. मी शेवटच्या पानापासून मागे वाचतो. तीन वर्षांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, एकाच हस्ताक्षरात असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या गेल्या आहेत. सलग वर्षाला २०० तास उडणारं विमान मध्येच सात महिने थांबतं, आणि पुढची नोंद नाकाच्या पत्र्याची किंवा प्रॉपेलर बदलल्याची असते, तेव्हा तिथे काय झालं ते विचारायचं. अपघातातून दुरुस्त झालेलं विमान वाईटच असतं असं नाही. चांगल्या कारखान्यात, पूर्ण कागदांसह दुरुस्त झालेलं आणि त्यानंतर पंधरा वर्षं उडालेलं विमान मी बिनधास्त घ्यायला सांगेन. लपवलेलं नको. आणि लॉगबुकातले इंजिन क्रमांक घेऊन विजेरीसह विमानाकडे जा, काउलिंग (इंजिनाचं झाकण) उघडून इंजिनावरच्या पट्टीवरचा क्रमांक डोळ्यांनी वाचा. मूळ इंजिन दुरुस्तीला गेलेलं असताना भाड्याचं इंजिन बसवून तसंच विकायला काढलेलं विमान ही दंतकथा नाही.

किंग एअर सोडून दुसरं काही बघावं का, हेही तुम्ही विचारलंय. बाजारात गॅरेटची, म्हणजे आताच्या हनीवेलची, टीपीई३३१ इंजिनं असलेली बरीच चांगली विमानं आहेत: सेस्ना ४४१ कॉन्क्वेस्ट २, ट्विन कमांडर, मित्सुबिशी एमयू-२, मर्लिन. पीटी६ मध्ये प्रॉपेलर फिरवणारी टर्बाइन आणि कॉम्प्रेसर फिरवणारी टर्बाइन यांच्यात यांत्रिक जोड नसतो. गॅरेटमध्ये सगळं एकाच दांड्यावर. त्यामुळे गॅरेट इंधन कमी पितं, लिव्हर पुढे केल्याबरोबर ताकद देतं, आणि जमिनीवर उभं असताना आजूबाजूच्यांचे कान फोडतं. त्याच्या -१० आवृत्तीत ओव्हरहॉलचं अंतर ५,००० तासांपर्यंत आणि त्यापुढेही जातं. कागदावर बघितलं तर तुमच्या अंतरांसाठी कॉन्क्वेस्ट २ बी२०० पेक्षा सरस ठरतं: वेगवान आणि काटकसरी. तरी मी पहिल्यांदा विमान घेणाऱ्याला ते सुचवत नाही, कारण त्याचं उत्पादन कधीच थांबलं आणि ते नीट जाणणारे मेकॅनिक मोजके. तुमच्या तळापासून तासाभराच्या उड्डाणावर असा माणूस असेल तर माझं मत लगेच बदलेल. एमयू-२ चं प्रकरण वेगळं: त्याला एलेरॉनच (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) नाहीत, विमान डावी-उजवीकडे कलवण्याचं काम पंखांवरचे स्पॉइलर, म्हणजे वर उघडणाऱ्या पट्ट्या, करतात. अपघात इतके झाले की अमेरिकेच्या हवाई नियामकानं, एफएएनं, २००८ मध्ये खास प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि नंतर अपघात खरोखर कमी झाले. म्हणजे विमानात खोट नव्हती, पण ते रोज उडवणाऱ्या व्यावसायिक वैमानिकाचं आहे. पियाजियो अवांती बघून सगळेच प्रेमात पडतात, ४०० नॉटच्या जवळपास वेग आणि शांत केबिन. देखभाल करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून सोडून द्या.

किंग एअरची थोरवी वेगात नाही. १९६४ पासून हे कुटुंब बनतंय, सात हजारांहून जास्त विमानं बाहेर पडली आणि २६० व ३६० ही आजही बनतात. सुटा भाग मिळतो, मेकॅनिक मिळतो, वैमानिक मिळतो, विकायला काढलं की गिऱ्हाईक मिळतं. ३५० मोठं आणि वेगवान, पण त्याचं कमाल वजन ६,८०४ किलो आहे. बी२०० मुद्दाम ५,६७० किलोवर, म्हणजे १२,५०० पौंडांवर थांबवलेलं आहे, कारण अमेरिकेत त्या रेषेपलीकडे वैमानिकाला टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानासाठी वेगळी पात्रता, लागतं. याच कुटुंबातलं छोटं सी९० तुमच्या मनात नाही, पण असू द्या. ५०० किलोमीटरच्या प्रवासात बी२०० तासाभरात पोचतं आणि सी९० त्याहून दहा-बारा मिनिटं जास्त घेतं. नेहमीची माणसं चारच असतील तर या दहा मिनिटांसाठी तुम्ही दरवर्षी किती मोजताय ते बघा.

वजनाचं कोष्टक मात्र विकणाऱ्याच्या पत्रकावरून नको, त्याच विमानाच्या ताज्या वजनाच्या दाखल्यावरून काढा. नवी सजावट, लाकडी कपाटं, शौचालयाचा पडदा, जुन्या न काढलेल्या तारा, हे सगळं वजन असतं. समजा रिकामं विमान ३,८०० किलो आणि दोन वैमानिक सामानासह २०० किलो. उरले १,६७० किलो. टाक्या काठोकाठ भरल्या तर एकटं इंधनच १,६५० किलोच्या आसपास जातं! म्हणजे पूर्ण टाकी आणि पूर्ण केबिन एकत्र कधीच नाही. सामानासह सहा प्रवासी ६०० किलो धरले तर इंधनाला १,०७० उरतात. तासाला साधारण ३०० किलो जळतं, पाऊण तासाची राखीव बाजूला काढली तर हाती अडीच तासांहून थोडं जास्त, म्हणजे वाऱ्याचा विरोध नसेल तर १,३०० किलोमीटर. तुमच्या ९०० ला हे पुरतं, म्हणूनच सुरुवातीला जात योग्य आहे म्हटलं. गरम दिवस, उंचावरचं विमानतळ आणि आखूड धावपट्टी एकत्र आली की हे गणित पुन्हा मांडायचं, आणि तेही धावपट्टीवर एक इंजिन बंद पडलं असं धरून.

कॉकपिटमध्ये मी आधी एकच गोष्ट विचारतो: आरव्हीएसएमची मान्यता आहे का? २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमधलं उभं अंतर १,००० फुटांवर आणलं गेलं, तेव्हापासून ही मान्यता नसलेल्या विमानाला एरवी २८,००० फुटांवरच थांबावं लागतं. तुमच्या अंतरांना त्यानं फारसं बिघडत नाही, पण भावात उतरवायला हरकत नाही. एडीएस-बी आऊट, म्हणजे विमानाचं ठिकाण आपोआप प्रसारित करणारं यंत्र, अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात सक्तीचं आहे, इतरत्र आपापल्या तारखा आहेत. विमान जिथे उडणार तिथली यादी घेऊन बसा. जुना ऑटोपायलट सगळ्यात जास्त डोकेदुखी देतो: चालतो तोवर छान, बिघडला की भाग दुरुस्त करून देणारा शोधत बसा. गार्मिन कंपनीचं नवं उपकरण-पॅनेल आधीच बसवलेलं विमान मिळालं तर त्यासाठी थोडं जास्त मोजा. मागाहून स्वतः बसवलं तर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत.

खरेदीपूर्व तपासणी त्या विमानाची नेहमीची देखभाल करणाऱ्या कारखान्यात करू नका. त्या लोकांनी स्वतःच्याच कामात चूक शोधावी अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे. किंग एअर रोज हाताळणारा तिसरा कारखाना शोधा, पैसे तुम्ही द्या, अहवाल तुमच्या नावानं घ्या. करारात हे आधीच लिहून ठेवा की उडण्याच्या योग्यतेवर परिणाम करणारा प्रत्येक दोष विकणाऱ्यानं दुरुस्त करायचा किंवा इसार परत द्यायचा. इसार त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात, विकणाऱ्याच्या नाही.

चाचणी उड्डाण म्हणजे सहल नव्हे, तेव्हा वैमानिकाशिवाय एक माणूस फक्त आकडे लिहायला बसवा. सुरू करताना आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधल्या वायूचं तापमान, कुठवर उसळतं ते बघा, बॅटरी अशक्त असेल तर तापमान उगीच वर जातं. समतल उड्डाणात दोन्ही इंजिनांचा टॉर्क सारखा करून आयटीटी, एन१ (कॉम्प्रेसरचा वेग) आणि इंधनप्रवाह शेजारी-शेजारी लिहा. एक इंजिन तेवढीच ताकद द्यायला दुसऱ्यापेक्षा लक्षणीय जास्त तापत असेल तर बोरोस्कोपचा अहवाल पुन्हा उघडा. २५,००० फुटांवर केबिनची उंची, म्हणजे आतला हवेचा दाब बाहेरच्या ज्या उंचीवरच्या दाबाइतका असतो ती, साडेपाच-सहा हजार फुटांच्या आसपास हवी. ती नऊ हजार दाखवत असेल तर दाराचं सील, झडपा, कुठेतरी हवा गळतेय. बर्फ झटकणारे रबरी बूट फुगवून बघा, ऑटोफेदर (बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती आपोआप वाऱ्याच्या दिशेत वळवणारं) आणि रडर बूस्ट (शेपटीचं रडर दाबायला मदत करणारं) यांची चाचणी घ्या. एक इंजिन बंद पडलं तर त्या क्षणी वैमानिकाचे हात-पाय हीच दोन यंत्रं हलके करतात.

मालकीच्या कागदांसाठी विमानाचा व्यवहार करणारा वकील घ्या, घराचे व्यवहार करणारा नको. दोन्ही देश विमानांवरच्या कर्ज-हक्कांबद्दलच्या २००१ च्या केप टाउन करारात असतील तर डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत शोध घ्या, आणि विमानासाठी एक, इंजिनांसाठी दोन असे तीन शोध घ्या. ५५० अश्वशक्तीपासूनची इंजिनं तिथे स्वतंत्रपणे नोंदवली जातात, त्यामुळे विमानावर बोजा नसून एका इंजिनावर असू शकतो. देश बदलणार असेल तर निर्यातीचा योग्यता दाखला आणि जुन्या देशातली नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम सोडू नका. विमानावर केलेल्या प्रत्येक बदलाचा, म्हणजे विंगलेट, नवे प्रॉपेलर, पॅनेल यांचा पूरक प्रमाणपत्र क्रमांक नव्या देशाच्या नियामकाला दाखवून घ्या.

वैमानिक खरेदीच्या आधी ठरवा. विमा कंपनी त्याचे या प्रकारच्या विमानावरचे तास विचारते आणि बहुधा दरवर्षी सिम्युलेटरचं प्रशिक्षण मागते. कागदोपत्री बी२०० एका वैमानिकानं उडवता येतं, पण संचालक मंडळ आत बसणार असेल तर दोन ठेवा. वर्षाला १५० तासांखाली उडणाऱ्याला मी भाड्यानंच घ्यायला सांगतो. तुम्ही ३०० च्या घरात आहात, तेव्हा स्वतःचं घेणं बसतं.

तुमच्या समोरच्या विमानाबाबत असं करा. विकणाऱ्याकडून चार कागद मागवा: दोन्ही इंजिनांच्या चकत्यांच्या सायकलींचा तक्ता, हॉट सेक्शनचे शेवटचे अहवाल, चार वर्षांतल्या जतनाच्या नोंदी, आणि कॅलेंडरवर चालणाऱ्या कामांची तारखांसह यादी. चारही आले तर भावातून दोन ओव्हरहॉलचा वापरलेला भाग, संपलेले फेज आणि संपलेल्या मुदतींची कामं वजा करून उरेल तेवढा आकडा कळवा. तो आकडा बघून समोरचा चिडेल, साहजिक आहे. दरम्यान गेल्या वर्षभरात २०० तास उडालेलं, रंग विटलेलं, इंजिनं अर्ध्या आयुष्यात असलेलं एखादं बी२०० दिसलं तर त्याचीही लॉगबुकं मागवून ठेवा.